आभाळ आलंय का?

गेल्या ऑक्टोबरातली गोष्ट. द्राक्षाची छाटणी होऊन तीन आठवडे झाले होते, फुटी वीतभर वाढल्या होत्या. सकाळी दहाच्या सुमाराला बाळूनं फवारणीची गन खाली ठेवली, बांधावर टेकला आणि माझ्याकडं न बघताच विचारलं, “आभाळ आलंय का ओ काका?” मी वर पाहिलं. ढगाचा ठिपका नव्हता. ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर तापत होतं, पानांवरचे औषधाचे थेंब चमकत होते. बाळू नाक पुसत होता, परत परत पुसत होता. पाइपाचा जोड गळत होता हे तेव्हा लक्षात आलं. त्याच्या सदऱ्याची पाठ कंबरेपर्यंत ओली झाली होती आणि तो घाम नव्हता. मी त्याला धरून आंब्याखाली नेलं, डोळ्यांवर तळहाताची सावली धरली. सावलीत बाहुली मोठी व्हायला पाहिजे. झाली नाही. दोन्ही डोळ्यांत टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका, बस्स.

हे वाक्य मी आधी एकदा ऐकलं होतं. दुसऱ्या भाषेत, तीस वर्षांपूर्वी.

सदरा फाडूनच काढला. टाकीतलं स्वच्छ पाणी आणि अंगाचा साबण घेऊन त्याला डोक्यापासून धुतलं, तो थुंकी गिळता येईना म्हणून कुशीवर वळत होता. औषधाचा डबा पिशवीत घातला, गाडी काढली. तासगावात पहिलं ॲट्रोपिनचं इंजेक्शन, मग मिरज. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी डब्यावरचं नाव वाचलं, ऑर्गॅनोफॉस्फेट, म्हणजे फवारणीतलं विष, म्हणाल्या, आणि मला बाजूला घेऊन विचारलं, “तुम्ही ओळखलंत कसं? लोक ऊन लागलं म्हणून लिंबूपाणी देतात आणि झाडाखाली झोपवून ठेवतात.” मी म्हटलं, एकदा पाहिलं होतं. कुठं, असं त्यांनी विचारलं नाही. घरी आल्यावर बायकोनं विचारलं. तिला मी ऑफिसातल्या साहेबांची गोष्ट सांगितली, जी तिला अर्धीमुर्धी माहीत होती. त्याच्याही आधी घडलेली गोष्ट मात्र तेव्हाही जिभेवर आली नाही. त्या रात्री झोप लागली नाही ती बाळूच्या काळजीनं, आणि या न सांगितलेल्या गोष्टीनंही.

१९९४च्या सप्टेंबरात मी टोकियोला गेलो. सांगलीतून केमिकल इंजिनिअरिंग, पुण्यात तीन वर्षं नोकरी, आणि तिथून दीड वर्षाच्या ट्रेनिंगसाठी थेट जपान. वय सव्वीस. याआधी मुंबईसुद्धा दोनदाच पाहिलेली. कंपनीचं वसतिगृह किता-सेंजू भागात होतं, साडेचार तातामींची खोली, म्हणजे आमच्या घरातल्या कोठीएवढी. घर आमचं माळकरी. गळ्यात तुळशीची माळ होती आणि मासळी तोंडाला लावायची नव्हती. आता जपानात कशाकशात माशाचं पाणी असतं हे जाऊन राहिलेल्यालाच कळतं. सूप बघावं तर त्यात, भाजी बघावी तर त्यात. मी भात, केळी, पाव आणि आईनं दिलेली शेंगदाण्याची चटणी यावर दिवस काढत होतो. डिसेंबरात चटणी संपली. डब्याच्या कोपऱ्यात तेलकट लाल भुकटी उरली होती ती बोटानं पुसून खाल्ली, आणि त्या रात्री खूप वेळ तो रिकामा डबा जवळ घेऊन बसलो. थंडी होती, भाषा तुटपुंजी होती, आणि दिवसचे दिवस माझं नाव नीट उच्चारणारं कुणी भेटत नव्हतं.

अशा दिवसांत स्टेशनाबाहेर एका बाईनं माझ्या हातात एक चिठ्ठी दिली. चिठ्ठीवर ॐ होता. देवनागरीत.

ती तिशीतली असेल. साधा स्वेटर, मेकअप नाही, फार शांत चेहरा. “इंदो?” तिनं विचारलं. मी हो म्हटल्यावर तिनं हात जोडले, तेही आपण जोडतो तसे, छातीशी. योगाचा वर्ग आहे म्हणाली, पैसे नाहीत, जेवण आहे, त्यात मासे नाहीत. आज विचार करतो तेव्हा वाटतं, मासे नाहीत हे तिनं आपण होऊन का सांगितलं असेल? माझी माळ दिसली असेल का? पण तेव्हा मला हे सुचलं नाही. मी तिच्यामागून गेलो. एका दुकानावरची दुसऱ्या मजल्यावरची खोली, बाहेर पाटी नाही, आत दहाबारा मुलंमुली. सगळी हुशार दिसणारी, कमी बोलणारी. उकडलेल्या भाज्या, ब्राउन भात, आणि एका भांड्यात डाळ. अळणी होती, पण डाळ होती. मी तीन वाट्या खाल्ली.

जेवणानंतर त्यांनी मला ॐ म्हणायला सांगितलं. मी म्हटला. पुन्हा म्हणा म्हणाले. मग आजोबांकडून पाठ झालेले दोन अभंग म्हटले. सगळे डोळे मिटून बसले होते आणि त्या बाईच्या गालावरून पाणी वाहत होतं. त्या क्षणी मला जे वाटलं ते खरंखुरं सांगायचं तर ते सुख होतं. चार महिने ज्याला कुणी ओळखत नव्हतं, त्याच्या आजोबांचे शब्द ऐकून परकी माणसं रडत होती. मी स्वतःला फसणाऱ्यांतला समजत नव्हतो. आमच्या गावात अंधश्रद्धा निर्मूलनवाल्या कार्यकर्त्यांनी जिभेवर कापूर पेटवून दाखवला होता, हवेतून अंगारा कसा काढतात ते शिकवलं होतं, आणि त्यातला एक प्रयोग मी स्वतः शाळेच्या गॅदरिंगमध्ये करून दाखवला होता. पण त्या खोलीत कापूरही नव्हता आणि अंगाराही नव्हता. डाळ होती, आणि माझी भाषा होती.

मी तीनदा गेलो. दुसऱ्या वेळी त्यांनी सत्य, मोक्ष, शक्तिपात या शब्दांचे उच्चार विचारून घेतले, वहीत काताकाना लिपीत लिहून घेतले. तिसऱ्या वेळी मी काय शिकलोय ते विचारलं. केमिकल इंजिनिअरिंग म्हटल्यावर कोपऱ्यातला चष्मेवाला मुलगा, जो तोवर एक शब्द बोलला नव्हता, उठून माझ्यासमोर येऊन बसला. कुठल्या विषयात प्रोजेक्ट केलं, प्रयोगशाळेत किती वर्षं काढली, कंपनीत कुठली रसायनं येतात, असे प्रश्न. आवाज मऊ, पापणी लवत नव्हती. फुजी पर्वताच्या पायथ्याशी शिबिर आहे, पुढच्या रविवारी बस जाते, म्हणाला, तुमच्यासारख्या माणसाची तिथं गरज आहे. मी यायचं कबूल केलं. शनिवारी मला सणसणून ताप भरला आणि बस चुकली. यामागं माझा काही शहाणपणा नव्हता.

नंतर फोन सुरू झाले. वसतिगृहाचा फोन खाली रखवालदाराच्या खिडकीशी होता. आधी त्या बाईचा आवाज, काळजीनं विचारपूस. मग एका पुरुषाचा. मी आता येणार नाही, कामं आहेत, असं मी अडखळत सांगितलं तेव्हा पलीकडं बराच वेळ कुणी बोललं नाही. मग त्यानं माझ्या गावाचं नाव घेतलं. तालुका, जिल्हा, वडिलांचं नाव, सगळं क्रमानं, अगदी स्वच्छ उच्चारात, जसं मीच त्यांना शिकवलं होतं. धमकी दिली नाही. फक्त घेतलं, आणि फोन ठेवला. दोन दिवसांनी माझ्या पत्रपेटीत एक कोरा कागद आला. त्यावर मधोमध ॐ.

जानेवारीत कोबेचा भूकंप झाला, सगळा देश त्यात बुडाला, आणि फोन थांबले. मी हळूहळू विसरलोही.

२० मार्च १९९५, सोमवार. आदल्या रात्री उशिरापर्यंत घरी फोन लागत नव्हता म्हणून जागलो होतो, त्यामुळं रोजच्यापेक्षा वीस-पंचवीस मिनिटं उशीर झाला. हिबिया लाइनची भुयारी गाडी उएनोला थांबली ती थांबलीच. उतरायला सांगितलं. कुणी म्हणे स्फोट, कुणी म्हणे गॅस. वर रस्त्यावर आलो तर सायरनशिवाय दुसरा आवाज नव्हता, आणि त्यात लोक ओळीनं, न ढकलता, चालत निघाले होते. मीही चालत ऑफिस गाठलं. आमच्या विभागाचे साहेब, त्यांना सगळे काचो म्हणायचे, साडेनवाच्या सुमाराला आले. ते रोज कोदेम्माचो स्टेशनावर उतरत. नाक गळत होतं, पण मार्चमध्ये देवदाराच्या परागांनी तिथं निम्म्या शहराचं नाक गळतं, त्यामुळं कुणाला काही वाटलं नाही. खुर्चीवर बसले, वर बघितलं आणि म्हणाले, “कुराइ, ने?” अंधारलंय, नाही? दिवे का लावले नाहीत?

सगळे दिवे लागलेले होते.

पुढचं आपण सगळ्यांनी वर्तमानपत्रांत वाचलेलं आहे. ओम शिनरिक्यो नावाच्या पंथाची माणसं, भुयारी रेल्वेच्या पाच गाड्या, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, त्या भोसकायला घासून टोकदार केलेल्या छत्र्या, आणि आतलं सरिन. वेळ अशी साधलेली की सरकारी कचेऱ्यांच्या कासुमिगासेकी स्टेशनाकडं त्या ऐन गर्दीच्या वेळी पोचाव्यात. तेरा माणसं गेली. चौदावी बाई पंचवीस वर्षं अंथरुणावर काढून २०२०मध्ये गेली. सहा हजारांच्या आसपास लोकांना बाधा झाली. आमच्या काचोंना दोन रात्री दवाखान्यात ठेवलं, ते वाचले. डोळ्यांची तक्रार मात्र कायमची राहिली. दर नव्या वर्षाला त्यांचं कार्ड येतं, अक्षर दरवर्षी थोडं मोठं होत जातं.

सरिन म्हणजे काय हे मी केमिकलवाला असूनही त्या आठवड्यात शिकलो. मज्जातंतू स्नायूला सांगतो, आवळ. काम झालं की तो निरोप पुसून टाकणारं एक द्रव्य शरीरात असतं. हे विष त्या पुसणाऱ्यालाच बांधून टाकतं. मग निरोप पुसलाच जात नाही. बाहुली आवळलेली राहते, छाती आवळलेली राहते, लाळ, घाम, नाक, डोळे वाहत राहतात आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकून थांबतात. १९३८मध्ये जर्मनीत कीटकनाशकं शोधता शोधता हे सापडलं. म्हणजे मावा मारायला निघालेल्या माणसांच्या हाती हे लागलं. आमच्या द्राक्षबागेतल्या डब्यातलं आणि त्या पिशवीतलं एकाच घराण्यातलं. जोर वेगळा, कुळ एक. उतारा तर सारखाच, ॲट्रोपिन आणि पाम. त्या सकाळी टोकियोतल्या डॉक्टरांना आधी काही उमगेना. नऊ महिन्यांपूर्वी, २७ जून १९९४च्या रात्री, मात्सुमोतो शहरात याच लोकांनी सरिन सोडलं होतं. तिथले रुग्ण पाहिलेल्या डॉक्टरांनी टीव्हीवर टोकियोतली लक्षणं पाहिली आणि आपण होऊन फोन करून सांगितलं की हे तेच आहे. पामचा साठा राजधानीत पुरेना, कारण हे औषध शेतातल्या विषबाधेचं, मोठ्या शहरात ते कशाला फार लागतंय. ते बुलेट ट्रेननं मागवावं लागलं.

दोन दिवसांनी, बुधवारी, पोलिसांनी फुजीच्या पायथ्याशी असलेल्या कामिकुइशिकी गावात धाड घातली. विषारी वायू अडवणारे मुखवटे घातलेले पोलीस, आणि पुढच्याच्या हातात पिंजऱ्यातला कॅनरी पक्षी. पक्षी पडला तर मागं फिरायचं. वसतिगृहाच्या जेवणघरात आम्ही सगळे टीव्हीपुढं उभे होतो. निवेदक एकेका इमारतीचं नाव सांगत होता. सात्यान क्रमांक अमुक, सात्यान क्रमांक तमुक. सत्य या शब्दावरून घेतलेलं नाव. सातव्या सात्यानात सरिनचा कारखाना होता. पंथाचं नाव ॐवरून. साधकांची नावं आनंद, कृष्णानंद, मैत्रेय. अंगात घालायच्या कपड्याला ते कुर्ताच म्हणत. नंतर १९९०च्या निवडणुकीची जुनी चित्रं दाखवली. गुरूसकट पंचवीस उमेदवार उभे राहिले होते आणि सगळे पडले होते. प्रचाराला अनुयायी गणपतीची सोंडवाली टोपी घालून नाचत होते. तासगावच्या गणपतीच्या रथाच्या दोराला लहानपणापासून हात लावलेला मी. त्या पडद्यावरच्या सोंडा बघून अंगावर काटा आला तो आजही येतो. माझ्या आजूबाजूचे जपानी लोक ज्याला परकं, विचित्र, अगम्य म्हणत होते, त्यातला शब्द न् शब्द माझ्या घरातला होता.

त्यांच्यात एक शब्द होता, पोआ. तिबेटी साधनेतला, मेलेल्याचा जीव वरच्या लोकात नेणं या अर्थाचा. माणूस मारायचा ठरला की त्याला ते पोआ करणं म्हणत. साकामोतो नावाचे वकील त्यांच्याविरुद्ध लढत होते. १९८९च्या नोव्हेंबरात त्यांना, त्यांच्या बायकोला आणि एक वर्षाच्या मुलाला रात्री घरात शिरून मारलं, आणि जवळजवळ सहा वर्षं त्यांचे मृतदेहसुद्धा सापडले नाहीत. मारणाऱ्यांना वाटत होतं की आपण त्यांचं भलं केलं. या शब्दावर मी फार वेळ अडकून पडायचो. कारण आमच्याकडंही कवटीचं चित्र असलेल्या डब्याला आम्ही औषधच म्हणतो. औषध मारलं, औषध चढलं, औषध पिऊन गेला. तोंडात इतकं बसलंय की बाळूलासुद्धा तोंडाला टॉवेल बांध म्हणताना माझा आवाज कधी चढत नाही.

ती दुसऱ्या मजल्यावरची खोली त्यांचीच होती का, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. एप्रिलमध्ये एकदा धीर करून गेलो होतो. खाली दुकान चालू होतं, वर कुलूप. दुकानदार म्हणाला भाडेकरू गेले, कुठं ते माहीत नाही. स्टेशनांवरच्या कचरापेट्या काढून टाकलेल्या, भिंतींवर हव्या असलेल्या माणसांचे फोटो. प्रत्येक स्टेशनावर मी ते फोटो बघायचो, आणि तिचा चेहरा नाही दिसला की मला बरं वाटायचं. का बरं वाटायचं? ती गुन्हेगार नव्हती म्हणून, की माझं त्या खोलीतलं सुख खोटं ठरलं नाही म्हणून? पोलिसांकडं जाऊन मी काही सांगितलं नाही. परदेशी माणूस, केमिकल इंजिनिअर, पाकिटात ॐ लिहिलेला कागद. मी घाबरलो होतो. योशियुकी कोनोंचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. मात्सुमोतोत त्या रात्री पहिला फोन करणारा हा माणूस, त्याची बायको बेशुद्ध, आणि घरात रसायनं, कीटकनाशकं सापडली म्हणून महिनोन् महिने संशय त्याच्यावरच. तो कागद मी वसतिगृहाच्या सिंकमध्ये जाळला. माळ काढली नाही, पण पुढचं वर्षभर सदऱ्याचं वरचं बटण लावून गाडीत बसलो. आईला फोनवर म्हटलं, मी बरा आहे, इथं काही नाही.

६ जुलै २०१८ला त्या गुरूला आणि सहा जणांना फाशी दिली, महिनाअखेर उरलेल्या सहांना. मी तेव्हा बेदाण्याच्या शेडवर होतो. मोबाइलवर बातमी वाचली आणि त्या चष्मेवाल्या मुलाचा चेहरा आठवून फोटो ताडून बघितले. जुळला नाही. कदाचित तो साधा, अभ्यासू, एकटा मुलगा असेल आणि आज कुठंतरी नातवंडं खेळवत असेल. कदाचित नसेल. कोनोंची बायको चौदा वर्षांनी, २००८मध्ये गेली. त्या पंथातला एक माणूस, मात्सुमोतोच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून सुटलेला, नंतर कोनोंच्या घरी येऊन त्यांच्या बागेतल्या झाडांची छाटणी करून देत असे. कोनो त्याला येऊ देत. हे वाचलं तेव्हा मी ते दोनतीनदा वाचलं. मला ते जमलं असतं असं वाटत नाही. पण कात्री हातात घेऊन खाली मान घालून उभा असलेला तो माणूस डोळ्यांपुढून हलत नाही.

बाळूला मिरजेत चार दिवस ठेवलं. तोंड कोरडं पडेपर्यंत ॲट्रोपिन देत राहायचं असतं, त्यामुळं तो घसा धरून पाणी पाणी करत होता आणि डॉक्टरीणबाई म्हणत होत्या, छान, होऊ दे कोरडं. त्याची बायको पायथ्याशी बसून होती. तिनं मला फक्त एवढंच विचारलं, “औषध बदलता येतंय का ओ?” मी तिला हो म्हटलं. पाइप त्याच दिवशी नवा आणला, गॉगल आणले, मास्क आणले, आणि ते डबे कृषी केंद्रात परत दिले. पाइपाचा जोड आठवडाभर गळत होता आणि मी रोज त्याच्या शेजारून जात होतो, हे मी त्याच्या बायकोला सांगितलेलं नाही. इथं लिहितो आहे.

दिवाळीनंतर तो कामावर आला. त्या दिवशी नुसतं पाणी सोडायचं होतं, फवारा नव्हता. तो पुढं, मी मागं, दोन ओळींमधून चाललो होतो. मणी बाजरीएवढे झाले होते. मध्येच तो थांबला, हात कपाळावर धरला आणि म्हणाला, “आभाळ आलंय ओ काका.” मी त्याचा खांदा धरून त्याला वळवलं, आधी त्याच्या डोळ्यांत नीट पाहिलं, आणि मग वर.